शर्ट घालून आलेली डुकरीण

माझ्या लग्नाला डुकरीण शर्ट घालून आली आणि नवरा उघडा आला. नुकुसेवा बेटावर कुणालाही विचारा, शेंबडं पोरही ही गोष्ट पोट धरून हसत सांगेल.

वऱ्हाड चर्चच्या मोठ्या होडीतून माझ्या माहेरच्या बेटावर आधीच पोचलं होतं. नवरदेव आणि डुकरीण मागून येणार होते, कारण तिचा वास वऱ्हाडातल्या बायकांना सोसेना. तीन तासांची वाट. सोमवारी सकाळी निघालेला सेतारेकी शुक्रवारी संध्याकाळी उगवला. लग्न होतं बुधवारी. लग्नाच्या जेवणासाठी वर्षभर पोसलेली डुकरीण, चौघांनी बांबूला बांधून वाहून आणायची, ती इतकी रोडावली होती की वऱ्हाडातल्या लेपानीने एकट्याने तिला काखोटीला मारून आणली. अंगात नवरदेवाचा शर्ट, पुढचे पाय बाह्यांतून बाहेर, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. माझ्या वडिलांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा जावयाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हिच्यात शिजवायला काय आहे? आधी हिलाच जेवायला वाढा." तिला कापलीच नाही. ती माझ्याबरोबर सासरी नांदायला आली, आणि आज आमच्या कुंपणात जेवढी म्हणून डुकरं आहेत ती सगळी तिचीच पिलावळ.

सेता म्हणाला, इंजिन बंद पडलं. सगळे म्हणाले, "हो हो, इंजिन!" मधल्या बेटावर त्याचे तीन जिवलग मित्र राहायचे आणि त्यांच्याकडे यांगोनाचं, म्हणजे झिंग आणणाऱ्या मुळांच्या पेयाचं, भांडं कधी कोरडं पडत नसे, हे जगजाहीर होतं. मित्रांना विचारलं, तर म्हणाले आलाच नव्हता. मित्र दुसरं काय म्हणणार! तेव्हापासून आमच्याकडे कुणाला उशीर झाला की विचारतात, "काय, इंजिन का?" पाद्री प्रार्थनेला उशिरा आला तरी मागच्या चटईवरून कुणीतरी पुटपुटतंच. एकतीस वर्षं झाली या गोष्टीला. सगळ्यांत जास्त वेळा तो शब्द कुणी उच्चारला असेल, तर तो मी.

आणखी एक फसवणूक सांगते. लग्न ठरलं तेव्हा हा माणूस मुका असल्यासारखा होता. विचारलं तर मान हलवायचा. "गरीब गाय आहे, डोकं खाणार नाही," असं म्हणून आईने मला दिली. आणि लग्नाला उगवला तो तोंड सुटलेलाच. त्या दिवसापासून बोलतोय. होडी रंगवताना बोलतो, दात घासताना बोलतो, झोपेतही कुणालातरी "खा गं, खा" म्हणतो.

त्याची एक मोठी गोष्ट आहे, त्या पाच दिवसांची. ती तो मधूनच सुरू करत नाही, शेवट तर आधी मुळीच सांगत नाही. "गोष्टीला शेपटीकडून धरत नाहीत," म्हणतो. सुरुवात डुकरिणीच्या आईपासून. मग आजोबांच्या होडीची एक फळी. मग हवा. एवढं झालं की इंजिन येतं, आणि इंजिन आलं की ऐकणारे हसून लोळतात. संपली गोष्ट. मी तर डुकरिणीच्या आईपाशीच कूस बदलून "झोप आता" म्हणते. त्यामुळे इंजिनापुढे काय झालं हे नुकुसेवावर कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कुणाचं काही अडलंही नव्हतं. अडलं होतं ते सेताचं. मरायच्या आधी एका तरी माणसाला ही गोष्ट शेवटपर्यंत सांगायची, एवढीच त्याची इच्छा. म्हणून तर त्याने किनाऱ्यावर पाहुण्यांसाठी दोन झोपड्या बांधल्या. लोक म्हणतात धंद्यासाठी. धंदा कसला, याला कान हवे होते!

पण जुलै-ऑगस्टमधले पाहुणे जोडीने येतात आणि एकमेकांकडेच बघत बसतात. इंजिनापर्यंत पोचायच्या आत नळी तोंडात धरून पाण्यात उडी मारतात. तिथे कोण कुणाला काय सांगणार? म्हणून सेताचा जीव मधल्या दिवसांवर. ऑक्टोबर सरत आलेला, गर्दी गेलेली, वादळांना अजून अवकाश, आंबे नुकते पिवळे पडू लागलेले. अशा दिवसांत एखादाच पाहुणा चुकून येतो, त्याला दुसरं काही काम नसतं, आणि राजधानीची, सुवाची बोट पंधरा दिवसांतून एकदाच.

यंदा डोरीन आली. न्यूझीलंडच्या थंड टोकाकडची, साठीला टेकलेली, एकटी. पत्र आलं तेव्हा सेता अंगणात नाचला.

"पंधरा दिवस, केलेरा! एकटी बाई! जाऊन जाऊन जाणार कुठे?"

"पोहत जाईल बिचारी," मी म्हटलं.

आमच्याकडे नव्या पाहुण्याने गावच्या वडीलधाऱ्यांपुढे यांगोनाच्या मुळांची जुडी ठेवायची असते, मग गाव त्याला आपला म्हणतं. आमचे वडीलधारे म्हणजे रुपेनीकाका, सेताचे थोरले चुलते. वय ब्याऐंशी, दात चार, पण रीत मोडलेली दिसली की चारही दात दाखवतात. डोरीनने जुडी ठेवली, काकांनी टाळी वाजवून घेतली. तेवढ्यावर थांबायला काय हरकत होती? पण आमच्या नवरोजींना उमाळा आला. हातात यांगोनाची करवंटी, डोळ्यांत पाणी, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

"आजपासून ही परकी नाही! माझ्या आईला मुलगी नव्हती. ही माझ्या आईची मुलगी!"

सगळ्या पुरुषांनी तीनदा टाळ्या वाजवल्या. म्हणजे झालं, शिक्का बसला. मी दाराशी बसले होते, मला आधी हसू फुटलं आणि मग ते आवरेना. सेता माझ्याकडे बघत राहिला. आपण काय करून बसलो हे त्याच्या डोक्यात शिरायला करवंटीभर वेळ लागला.

कारण आमच्याकडे बहीण-भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण म्हणून नव्हे, मान म्हणून. एका चटईवर बसायचं नाही, तोंडाकडे बघायचं नाही, बहीण समोरून आली तर वाट सोडायची. काही सांगायचंच असलं तर तिसऱ्याकरवी. भाची म्हणाला असता, मावशी म्हणाला असता, आजी म्हणाला असता तरी दिवसरात्र बडबडता आलं असतं. हात दाखवून अवलक्षण, ते असं.

"काका," सेता चाचरत म्हणाला, "मी आपलं ते... बोलण्याच्या ओघात..."

"उत्तम बोललास," रुपेनीकाका म्हणाले. "आता ऊठ तिथून. बहिणीच्या समोर पाय पसरून काय बसलायस?"

आणि या वयात मला आयती नणंद मिळाली.

पुढचे आठ दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत करमणुकीचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मी रोज डोळ्यांनी पाहिलं. डोरीन किनाऱ्यावर आली की सेता झुडपात. डोरीन झुडपाकडे वळली की सेता पाण्यात. एकदा ती विहिरीकडे अचानक वळली तर हा माणूस माडावर चढला, आणि ती तिथेच बसून पाय धूत असेपर्यंत वर लटकत राहिला. लेपानी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, खालून ओरडला, "काय साडूभाऊ, इंजिन का?"

जे सांगायचं ते माझ्याकरवी. सेता स्वयंपाकघराच्या मागे उभा राहून आमच्या भाषेत पंधरा मिनिटं बोलायचा, आणि मी पुढे जाऊन डोरीनला इंग्रजीत सांगायचे.

"भाऊ म्हणतोय, मासा ताजा आहे."

डोरीन चमचा खाली ठेवून माझ्याकडे बघायची. आठव्या दिवशी म्हणाली, "केलेरा, एक विचारू? तो इतकं बोलतो आणि तुझ्याकडे येईपर्यंत ते इतकंसं कसं होतं?"

"त्याच्या बोलण्यात पाणी फार असतं. मी आटवून देते."

"मला पाण्यासकट दे ना," ती म्हणाली. "मी बत्तीस वर्षं बस चालवली. चालकाशी बोलू नये अशी पाटी होती आणि सगळं गाव माझ्याशीच बोलायचं. मागे वळून बघायची सोय नाही. नजर रस्त्यावर ठेवायची आणि फक्त म्हणायचं, 'मग?' लोकांची अख्खी लग्नं, मोडलेली लग्नं, मी पाठीनेच ऐकली. आता घरी बसल्यापासून पाठीमागे कुणी बोलत नाही. फार सुनं वाटतं गं."

हे मी सेताला सांगितलं. थट्टा म्हणून सांगितलं, पण त्याचा चेहरा बघून माझंच हसू मावळलं. गडी तडक काकांकडे गेला आणि त्यांच्या पायाशी बसला.

काकांनी विचार करायला दोन दिवस घेतले. त्यात ते तीनदा जेवायला आमच्याकडे आले. मग निकाल दिला. भावाने झोपडीच्या बाहेर बसायचं, बहिणीने आत, मध्ये बांबूचा कूड, दोघांच्या पाठी एकमेकांकडे. सांगायचं ते आपल्या भाषेत आणि केलेराला, बहिणीला नव्हे. केलेरा दारात बसून तिला तिच्या भाषेत सांगेल. "आणि केलेरा," काका माझ्याकडे बोट रोखून म्हणाले, "एक शब्द गाळायचा नाही. गाळलास तर ती भावाने बहिणीपासून लपवलेली गोष्ट ठरेल. मी राखणीला बसेन."

म्हणजे शिक्षा कुणाला झाली? मला! एकतीस वर्षं कूस बदलून जी चुकवली, ती आता शब्दन् शब्द ऐकायची, वर इंग्रजीत पुन्हा सांगायची.

पहिल्या दुपारी डुकरिणीची आई झाली. ती कशी होती, कुणाची होती, आणि तिची खोड काय, तर कुणी शेजारी बसून बोलल्याशिवाय ती खायची नाही. गप्प बसलात की तोंड फिरवून उपाशी.

"आई होती की महाराणी?" मी सेताला म्हटलं.

"हेसुद्धा सांग तिला," काका म्हणाले. सांगितलं. आतून डोरीन म्हणाली, "मग?"

तो "मग?" ऐकल्यावर सेताच्या पाठीचा कणा असा ताठ झाला, की बसल्या जागी चार बोटं वाढला. त्याला आजवर हा शब्द कुणी दिलाच नव्हता.

दुसरी दुपार आजोबांच्या फळीत गेली. तिसरी हवेत. चौथ्या दुपारी अर्धं गाव जमलं, कारण आज इंजिन येणार हे सगळ्यांना कळलं होतं. लेपानी तर जेवणही न करता आलेला. सेता म्हणाला, "आणि मग, खडकांची रांग ओलांडली तोच, इंजिन..."

"इंजिन!" लेपानी ओरडला, आणि सगळे मांड्या थोपटत लोळले. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात आतून डोरीनचा आवाज आला. बत्तीस वर्षांचा, गियरवर हात ठेवलेला आवाज. "माझ्या बसमध्ये गोंधळ चालणार नाही. ज्याला ऐकायचं नाही त्याने इथेच उतरायचं."

लेपानीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. काकांनी काठी आपटली. "साडू म्हणजे भावासारखा. ती तुझीही बहीण लागते. मीट तोंड."

लेपानीने तोंड मिटलं. आतून डोरीन शांतपणे म्हणाली, "इंजिन बंद पडलं. मग?"

आणि काय सांगू, आमच्या सेताला बोलताच येईना! एकतीस वर्षांत इंजिनाच्या पुढे पाऊलच पडलं नव्हतं, वाटेवर गवत उगवलेलं. "मग..." म्हणाला. "मग..." म्हणाला. आणि उठून किनाऱ्याकडे चालता झाला. त्या रात्री तो जेवताना एक शब्द बोलला नाही. घर इतकं गप्प झालं की मीच बडबडायला लागले.

दुसऱ्या दिवशी बोट. सकाळपासून डोरीनची पिशवी दारात बांधून ठेवलेली. सेता आला, कुडाला पाठ लावून बसला. क्षितिजावर बोटीचा धूर दिसत होता. कुणी हसलं नाही.

"इंजिन बंद पडलं," तो मला म्हणाला, "आणि प्रवाहाने होडी बाहेर ओढली. जवळ सात नारळ. पहिल्या दिवशी डुकरीण ओकत होती. दुसऱ्या दिवशी ओकायचं थांबली, पण खाईना. मी खोबरं पुढे केलं, तर तोंड फिरवलं. तेव्हा तिची आई आठवली. मी बोलायला लागलो."

मी सांगितलं. "मग?"

"मला कुठे बोलता यायचं? तुलाच ठाऊक आहे, मी तेव्हा मुकाच होतो. पण गप्प बसलो की ती खायची थांबायची. म्हणून जे सुचेल ते बोललो. दिवसभर, रात्रभर. पाणी मी प्यायलो, खोबरं तिला दिलं. खा गं, खा, म्हणत राहिलो."

मी हे डोरीनला सांगताना "खा गं, खा" आमच्याच भाषेत म्हणून गेले. झोपेतला तो शब्द मी इतकी वर्षं ऐकत होते. मला वाटायचं, मधल्या बेटावरची कुणी बाई असेल. तेही आज सांगून टाकते.

"मग?"

"तिसऱ्या दिवशी ऊन असं तापलं की तिची कातडी सोलायला लागली. माझं काय, मी काळा. मी शर्ट काढून तिला घातला. बटणं लावायला फार वेळ लागला, ती हलत होती."

बोटीने भोंगा दिला. कुणी उठलं नाही.

"चौथ्या दिवशी नारळ संपले. मी चाकू काढला."

मी सांगायचं सोडून सेताकडेच बघायला लागले. काकांनी काठीने मला ढोसलं. मी सांगितलं. आतून अगदी हळू आवाज आला, "मग?"

"मग मी डुकरिणीला म्हणालो, तुला खाल्लं तर मी जगेन. पण केलेराच्या बापाला मी आधीच पसंत नाही. रिकाम्या हातांनी गेलो तर तो पोरगी देणार नाही. आणि ती पोरगी मिळणार नसेल तर मी जगून काय करू? त्यापेक्षा दोघं मिळून वल्हवू. चाकू ठेवला, आजोबांच्या होडीची ती फळी उपटली आणि दीड दिवस वल्हवत राहिलो. बोलत होतो. ती ऐकत होती. तेव्हा जी बोलायची सवय लागली, ती काही गेली नाही. संपली गोष्ट."

हे मी सांगितलंच नाही. मला सांगता येईना. मी दारात बसून पदराने... कसला पदर, अंगावरच्या कापडाच्या टोकाने नाक पुसत राहिले. आतून डोरीनने दोनदा विचारलं, "केलेरा? मग?" शेवटी लेपानीच पुढे आला. डुकरिणीला काखोटीला मारून हसत गावभर मिरवणारा तो हाच. कुडाकडे पाठ करून, घसा खाकरून, त्याने आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत शेवट सांगितला, आणि त्याचाही आवाज मध्ये दोनदा बंद पडला. इंजिन का, असं कुणी विचारलं नाही.

डोरीन गेली. होडीत बसताना ती किनाऱ्याकडे पाठ करून बसली, सेता समुद्राकडे पाठ करून उभा राहिला. अख्ख्या बेटाने हात हलवले, या दोघांनी नाही. रुपेनीकाका म्हणाले, अशी संस्कारी बहीण आपल्या घराण्यात आजवर झाली नाही.

त्या शर्टाचं मी काय केलं होतं, माहीत आहे? लग्नानंतरच्या आठवड्यातच फाडून त्याची फडकी केली. डुकरिणीचा शर्ट म्हणून हसत हसत चार वर्षं मी त्या फडक्यांनी भांडी पुसली. सेता बघायचा आणि काही बोलायचा नाही. एवढा बोलका माणूस, आणि त्यावर एक शब्द नाही. मला माझीच लाज वाटली, अजून वाटते.

नाताळला आमच्याकडे अख्खं कुटुंब एकाच कापडाचे कपडे शिवून चर्चला जातं. या खेपेला कापड मी आणलं, निळं, पिवळ्या फुलांचं. आधी सेताचा शर्ट शिवला, मग माझा झगा, काकांची लुंगी. लेपानीला त्याच्या बायकोने शिवून दिला. एक तुकडा बोटीने न्यूझीलंडला पाठवला. तरी कापड उरलं. मी माप घेतलं आणि तेही शिवलं.

चर्चच्या दारात रुपेनीकाकांनी आम्हाला अडवलं. आमच्या रांगेच्या शेवटी काय उभं आहे ते चष्मा पुसून दोनदा पाहिलं. बाह्या बरोब्बर बसल्या होत्या, बटणं गळ्यापर्यंत.

"केलेरा, ही कुणाची कोण?"

"लग्नाला आली होती तिची पणती, काका. माझ्या सासरची माणसं."

काकांनी विचार केला. चारही दात दिसले. "मग बाहेर का उभी? तिला आत घे. पण कुणीतरी तिच्या शेजारी बसून बोलत राहा, नाहीतर रुसेल."

सेता तिच्या शेजारी बसला. मी त्याच्या शेजारी बसले. पाद्री उशिरा आला, त्याला कुणी काही म्हणालं नाही. सेताने हळूच माझ्याकडे वाकून डुकरिणीच्या आईपासून सुरुवात केली, आणि मी म्हटलं, "मग?"